टापूवर आम्ही चौघे

बेट म्हटलं की तुम्ही आतापर्यंत मनातल्या मनात नारळाची झाडं लावून टाकली असतील. लावलीत ना? निळं पाणी, दोन झाडांच्या मधे झुला, हातात शहाळं. काढा ती झाडं. मुळासकट काढा. मी देवासचा आहे, भिया. आमच्याकडे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता, आणि ते पान आमच्या सरांनी "परीक्षा में नहीं आता" म्हणून सोडून दिलं होतं.

माझ्या बेटाला जायला बस लागते. ती हाटपिपल्याला अर्धा तास थांबते, कारण ड्रायव्हरला तिथलीच कचोरी आवडते, आणि मग गचके खात खात नेमावरला नेऊन टाकते. मग घाटाच्या पायऱ्या, मग नाव, मग शेवटची दहा पावलं गुडघाभर पाण्यातून, बूट गळ्यात अडकवून. पावसाळा सरला की नर्मदेच्या मधोमध वाळूची एक लांब पाठ वर येते. तिला टापू म्हणतात. एका टोकाला शिंकलात तर दुसऱ्या टोकाचा बगळा उडतो, एवढाच. हॉटेल नाही, दुकान नाही, विजेचा खांब नाही. देऊळसुद्धा नाही, आणि नर्मदेच्या काठी देऊळ नसलेली जागा सापडणं म्हणजे देवासमधे टेकडी न दिसणारी गच्ची सापडणं.

आणि वरचं नाव वाचून तुम्ही म्हणाल, वा, चार दोस्त, फुल मजा. तेही काढून ठेवा. आवाज चार होते हे खरं. माणूस एकच होता.

सांगतो.

मी आवाज काढतो. शाळेत प्रिन्सिपलचा काढला, दोनदा हाकललं. लग्नात, गणपतीत, कुणाच्या रिटायरमेंटला माईक माझ्या हातात देतात. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, फोटोला फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. इंदूरची नोकरी सोडून परत आल्यापासून मी तिथेच बसतो आणि गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करतो. अप्पा काच कापता कापता ऐकतात. हसू आलं की काच वाकडी कापली जाते, म्हणून ते हसत नाहीत. निदान मी तरी तसंच समजतो.

आणि रोज जेवताना आई एकच प्रश्न विचारायची. पोळी वाढता वाढता, माझ्याकडे न बघता. "तुझे मित्र कुठे गेले रे सगळे?"

तीन होते. शाळेपासूनचे. नावं सांगत नाही, ओळख सांगतो. पहिला हातपंप. मराठी घरातला, आमच्याच गल्लीच्या पलीकडचा. हसला की आधी दोनदा कोरडा आवाज येतो, खर्र खर्र, आणि मग एकदम पाणी. दुसरा मतलब. मालवी माणूस, आमच्या घरी मराठीतच बोलतो, पण दर वाक्यात एक "मतलब" टाकल्याशिवाय त्याचं वाक्य स्टार्टच होत नाही. तिसरा खोकला. बोलायच्या आधी खाकरणार, बोलून झाल्यावर खाकरणार, मधलं बोलणं फार थोडं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही ठरवलं, चौघांनी बेटावर जायचं. आधी समुद्रातलं ठरलं, मग रजा कमी म्हणून नर्मदेतलं ठरलं. कल्पना माझी. पाचवीत शाळेची सहल नेमावरला गेली होती, सगळे देऊळ बघत होते आणि मी घाटावर बसून तो टापू बघत होतो. आईला सांगितलं तर तिचा चेहरा असा झाला जसं माझं लग्नच ठरलं. शेजारी सांगितलं, देवळात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. "चौघं जातायत. शाळेपासूनचे आहेत ना!" आणि तो पोळीबरोबरचा प्रश्न बंद झाला. आठ दिवस पूर्ण बंद. मला जेवण गोड लागायला लागलं.

तिची अट एकच होती. "नदी आहे. एकट्यानं राहायचं नाही, एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. चौघं असाल तरच जा."

मग एकेक गळाला. खोकल्याला साहेबानं सुट्टी दिली नाही. मतलबनं लिहिलं, "मतलब, अगले साल पक्का." लिहितानासुद्धा मतलब. हातपंपानं फक्त "नाही जमत यार, घरी काम आहे" एवढं लिहिलं, आणि काय काम ते विचारलं तर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी. तेव्हा आई स्वयंपाकघरात चार डबे भरत होती. खोकल्यासाठी बिनतिखटाचा चिवडा, मतलबसाठी डबल मिरची, हातपंपाला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून त्याचे वेचून काढत होती. एकेक. चष्मा लावून.

तुम्ही असतात तर सांगितलं असतं? मी नाही सांगितलं. चारही डबे पाठीवर घेतले आणि निघालो.

टापूवर एक केवट आणि त्याची बायको राहतात, पाणी उतरल्यापासून वैशाखापर्यंत. वाळूत खड्डे करून, खत घालून टरबूज लावतात. दिवसा केवट घाटावर नाव चालवतो, सकाळ-संध्याकाळ दोघं घड्यांनी पाणी आणून एकेका खड्ड्याला घालतात. मी विचारलं, चार दिवस राहू का. केवटानं नदीकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "रै जा." ही त्या दिवसातली त्याची पूर्ण बातचीत. मी त्याची नक्कल करायचा फार प्रयत्न केला. पण माणसानं थोडा तरी माल द्यायला पाहिजे ना.

बायकोला मी जीजी म्हणायला लागलो. तिच्याकडे माल भरपूर होता.

सुट्टी म्हणून सांगायचं तर एकदम झकास होती. सकाळी धुकं एवढं की नदी नाहीच, नुसतं धुपधुप वल्ह्याचं ऐकू येतं. मग ऊन आलं की वाळू तापते आणि माणूस पापडासारखा पडून राहतो. पाणी इतकं स्वच्छ की गुडघ्यापर्यंत उभं राहिलं तर बारके मासे येऊन पायाचा इंटरव्ह्यू घेतात. वाळूवर बगळ्यांचे पाय, बदकांचे पाय आणि माझे. संध्याकाळी चुलीतले बटाटे, मीठ, भाकर. कुणी हॉर्न वाजवत नाही. कुणी "भिया जरा तो आवाज काढ ना" म्हणत नाही.

पहिला दिवस हे बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी बदकांना आवाज काढून दाखवत होतो.

खरंच. भगव्या रंगाची जोडी असते, चकवा-चकवी म्हणतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि मधून नदी. मी चकव्याचा आवाज काढला. पलीकडून उत्तर आलं. मी पुन्हा काढला, पुन्हा आलं. मला एवढा आनंद झाला की मी उठून उभा राहिलो, आणि मी दिसल्याबरोबर ती उडाली.

तर फोन. टापूवर नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं. केवटाची एक जुनी फुटकी नाव वाळूत पालथी पडली होती, तिच्या पाठीवर उभं राहिलं की दोन काड्या. रोज दिवेलागणीला मी त्यावर चढून आईला फोन करायचो. आणि इथे आमच्या लोकांची एक रीत मधे आली, जिचा मी विचारच केला नव्हता.

आमच्याकडे मोठ्या माणसाचा फोन म्हणजे नमस्काराची हजेरी असते. खोलीत जेवढे असतील तेवढ्यांनी एकेक करून फोन हातात घ्यायचा, "नमस्कार करतो" म्हणायचं, जेवलास का, तब्येत कशी, घरी सगळे बरे ना, हे ऐकायचं आणि फोन पुढे द्यायचा. एखादा राहिला तर मोठ्यांना वाटतं मुलगा रुसलाय किंवा मेलाय. पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, "हां, आता दे त्यांना."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? नमस्कार नको करायला?"

मी पालथ्या नावेवर. समोर नदी, मागे नदी. मी फोन एका हातानं लांब धरला, ओरडलो, "अबे इकडे या, आई आहे!" मग पायानं नावेवर धपधप केलं, म्हणजे कुणी चढून येतंय. मग खाकरलो.

खोकला झाला. मग मतलब झाला. "काकू, मतलब, प्रणाम." मग हातपंप, दोनदा कोरडा आणि मग पाणी. आई खूश. चिवडा कसा झालाय विचारलं. चौघांनीही छान म्हणून सांगितलं.

फोन ठेवून खाली उतरतो तर जीजी उभी. हातात टोपली, टोपलीत आठ भाकरी. तिनं झोपडीतून चार माणसं ऐकली होती आणि पीठ वाढवलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, नावेच्या पलीकडे जाऊन बघितलं, पाण्याकडे बघितलं.

"बाकी का लोग कां गिया?"

"कुठे कोण? मीच आहे, जीजी."

तिनं टोपली वाळूवर ठेवली. मग हळूच म्हणाली, "भैया, थारे अंदर कित्ता जणा है?"

मी हसलो. मग मी आठातल्या पाच भाकरी खाल्ल्या, तिचं मन राखायला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. खोकला झाला, मतलब झाला. हातपंपाची पाळी आली. "काकू, नमस्कार करतो! खर्र, खर्र..." आणि हसलो. काय हसलो साहेब. माझ्या आयुष्यातला बेस्ट हातपंप. खरा हातपंपसुद्धा असा हसत नाही.

पलीकडे शांत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

"अहो काकू, मीच की! ओळखलं नाही? चौघं मजेत आहोत, काळजी करू नका."

भांडं की कप कशाचा तरी आवाज आला. "जेवलास का रे, बाळा?" असं तिनं विचारलं. त्याला ती कधी बाळा म्हणत नाही. मला वाटलं, वा, आज मूड चांगला आहे.

तिसरा दिवस मोठा होता. घड्याळात नाही, तसा. केवट घाटावर गेला, जीजी पाण्याच्या खेपा घालत होती. मी पण दहा-बारा घडे आणले, पण माझ्याकडून अर्धं पाणी वाळूत, तर तिनं घडा काढून घेतला. मग मी टापूला फेऱ्या मारल्या. तीन डबे अजून उघडले नव्हते, तर एकेक उघडून वाळूत ओळीनं ठेवले आणि प्रत्येकाच्या डब्यातला त्याच्या त्याच्या स्टाईलनं खाल्ला. पहिला घास मजेदार होता. दुसऱ्या घासाला मी थांबलो. समोर चार झाकणं उघडी, आणि हात माझाच सगळ्यांत जातोय. मी झाकणं लावली. का कुणास ठाऊक, घाईघाईनं लावली, जसं कुणी बघत होतं.

त्या संध्याकाळी आईनं हजेरी घेतली नाही. म्हणाली, "आज मला एकाशीच बोलायचंय. तुझ्या त्या मतलबला दे. आणि तू लांब जा. ऐकू येणार नाही एवढा लांब जा."

आता मी लांब कसा जाऊ? मी नावेवर पाय आपटत गेलो. धप, धप, धप. मग हलकेच धप. मग थांबलो. मग म्हणालो, "मतलब, बोला काकू."

"गेला का तो?"

"गेला काकू. मतलब, दिसत पण नाही."

"खरं सांगशील? तो कसा आहे?"

"मस्त आहे. मतलब, दिवसभर हसवतो."

"ते तर इथेही करतो. मी विचारतेय, कसा आहे."

नदीवर त्या वेळी एक रंग येतो, धड उजेड नाही, धड अंधार नाही. समोरच्या घाटावर दिवे लागत होते. मला वाटलं, मतलबनं काहीतरी चावट बोलावं आणि फोन ठेवावा. पण मतलब म्हणाला, "काकू, मतलब, आम्हीच कमी पडलो. आम्ही त्याला फोन करत नाही. तो पण करत नाही. करतो तर कुणाच्या तरी आवाजात करतो. आम्ही हसतो आणि ठेवून देतो. मतलब, मग त्याच्याशी बोलायचं राहूनच जातं."

"इंदूर का सोडलं त्यानं? आम्हाला सांगत नाही."

"काही झालं नव्हतं काकू. तिथे रोज संध्याकाळी खोलीवर यायचा, आणि सकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुणाशी बोलणार. एक दिवस दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फाटला. तेव्हा घाबरला तो. मतलब, तेव्हा आला परत."

पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता.

"एकटा पडलाय?" तिनं विचारलं.

"हव, काकू."

या "हव"च्या, म्हणजे होकाराच्या, आधी "मतलब" म्हणायचं राहिलं होतं. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

"बरं," ती म्हणाली. "त्याला म्हणावं, कान झाकून झोप. नदीचा वारा असतो."

मी खाली उतरलो आणि वाळूत बसून राहिलो. थोड्या वेळानं जीजी आली, मुठीत राई आणि लाल मिरच्या. माझ्यावरून सात वेळा ओवाळलं, तोंडातल्या तोंडात नर्मदामाईला काही सांगितलं आणि सगळं चुलीत टाकलं. एवढा ठसका की केवटसुद्धा खोकत बाहेर आला आणि म्हणाला, "कंई हुयो?" पुन्हा दोन शब्द! तेही न विचारता! जीजी म्हणाली, "थारे कंई नी. इणे भीड़ लागी है." म्हणजे याला गर्दी बाधली आहे. त्या उजाड वाळूत, जिथे तीन माणसं होती.

चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा घसा बसला होता, मिरच्यांनी. आईला सांगितलं, उद्या निघतो. तिनं कुणालाच मागितलं नाही. मला जरा वाईटच वाटलं, तिघंही तयार होते.

पाचव्या दिवशी दुपारी देवासला पोचलो. बसमधे मी सगळं पक्कं करून ठेवलं होतं. कोण कुठे उतरला, कोण कुणाच्या गाडीनं गेला, हातपंपाचा मोजा कसा नदीत वाहून गेला. मोज्याची गोष्ट तर फारच छान जमली होती.

आई दारातच होती. ओरडली नाही. आमच्याकडे खरी बोलणी बसतात तेव्हा आधी आवाज खाली जातो.

"आलास? वाळू बाहेर झटक. बस तिथे. अप्पा, तुम्ही उठू नका, तुम्हीपण ऐका."

"आई, अगं काय झालं माहितीय, त्याचा मोजा..."

"एक शब्द बोलू नकोस. चौघांपैकी कुणीच बोलायचं नाही."

अप्पांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"मेल्या, पौष लागायला चार दिवस राहिले होते. पौष लागला की अक्षत देता येत नाही, एवढं तरी माहितीय ना तुला? की तेही इंग्रजी कॅलेंडरात बघायचं? तुझ्या त्या हातपंपाचं लग्न ठरलंय, माघात. महिना लागायच्या आत सगळीकडे अक्षत द्यायला बिचारा वणवण फिरत होता. म्हणून आला नाही तुझ्या बेटावर. फोनवर सांगायचं नव्हतं त्याला, घरी येऊन अक्षत हातावर ठेवून सांगायचं होतं. आला तो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. या खुर्चीवर बसला. मी त्याला म्हणतेय, अरे तू इथे कसा, आणि तेवढ्यात तुझा फोन. त्याच्यासमोर स्पीकरवर. आणि आतून कोण बोललं? तोच!"

माझ्या कानातून वाफ गेली असेल.

"मी कुणाला विचारू जेवलास का? खुर्चीतल्याला की फोनमधल्याला?"

"तो... काय म्हणाला?"

"हसला. आधी हसला. तोंडात रुमाल कोंबून हसला. मग तू म्हणालास चौघं मजेत आहोत, तेव्हा थांबला हसायचा. चहा तसाच ठेवून गेला. त्याच्या अक्षतेला माझ्याकडून धड हळदकुंकूसुद्धा लागलं नाही, तुझ्यापायी!"

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? बोलले असते तर फोन बंद केला असतास आणि बसला असतास तिथे, नदीच्या मधे, तोंड पाडून. तीन दिवस माझ्या जिवाचं पाणी झालं. अप्पा बसस्टँडवर दोनदा जाऊन आले, विचार त्यांना, तिकीट काढून परत आले. मीच अडवलं. म्हटलं, बोलतोय ना, बोलू द्या. कुणाच्या का आवाजात असेना, घरी असताना एवढं बोलला नव्हता कधी. आणि तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या मतलबला मागितला. तुला विचारलं असतं तर तू मला इंदूरच्या साहेबाची नक्कल करून दाखवली असतीस!"

अप्पा म्हणाले, "आता पुरे, दमून आलाय."

"तुम्ही मधे पडू नका. तुम्ही काच कापता कापता गालात हसता, म्हणून हा असा शेफारलाय!" मग पुन्हा माझ्याकडे. "शुंभा, पाण्यात पाय घसरला असता तर कुणी ओढलं असतं तुला? तो खोकला? इंदूरच्या खोलीवर घसा फाटला तर मला फोन करता येत नव्हता? माझा नंबर पाठ नव्हता? आता ऊठ, तोंड धू, पोटात काहीतरी घाल आणि त्याच्या घरी जा. स्वतःच्या पायानं. अक्षत त्याच्या हातून घे, त्याच्या आईला वाकून नमस्कार कर. आणि तिथे जाऊन त्याचाच आवाज काढलास ना, तर बघ, तंगडं मोडून हातात देईन!"